संगणक अडला, पण का अडला?



गेल्या वर्षी आडसाली लागणीच्या नोंदी ऐन भरात असताना आपल्या एका गट ऑफिसातला जुना कॉम्प्युटर वरचेवर हँग होऊ लागला, हे त्या गटातल्या सर्वांना ठाऊक आहे. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा, की-बोर्ड बडवून उपयोग नसायचा, आणि बटण दाबून बंद-चालू केल्याशिवाय गत्यंतर नसायचे. दिवसातून कधी एकदा, कधी तीनदा; मग दोन दिवस काहीच नाही. ओट्यावर सातबारा हातात धरून बसलेल्या माणसाची मात्र सकाळ वाया जायची. "अहो, माझी नोंद गिळली की या डब्यानं!" असे एक वयस्कर सभासद आम्हांस म्हणाले, ते चेष्टेने नव्हे.

यंत्र म्हटले की बिघडायचेच, त्यासाठी वार्तापत्राची जागा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु नोंदीवरची लागणीची तारीख हीच पुढे तोडणीचा क्रम ठरवते. ती तारीख चुकली वा हरवली, तर टोळी उशिरा येते, उसाला तुरा फुटतो, वजन घटते आणि नुकसान सोसतो तो शेतकरी. म्हणून या विषयावर चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम काय घडले ते सांगतो. सुरुवातीला दोष आला क्लार्कवर, की हा मशीनवर भलतेसलते उघडतो. मग दुरुस्तीवाला आला. व्हायरस आहे म्हणाला आणि त्याने फॉरमॅट मारला. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेस त्याने रॅम बदलली आणि सोबत पुन्हा फॉरमॅट मारला. या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये आठ दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या, कारण त्यांची दुसरी प्रत कोणी ठेवलीच नव्हती. शेतकी मदतनिसांच्या डायऱ्यांवरून बहुतेक नोंदी पुन्हा उभ्या करता आल्या. एका सभासदाची तारीख मात्र कुठेच सापडेना. शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बांधावर बोलावून पंचनामा करावा लागला. एवढे रामायण झाल्यावरही कॉम्प्युटर हँग होतच होता! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की दोष शोधण्याआधी इलाज करू नये. विहिरीवरची मोटर पाणी उचलेना झाली, तर आपण लगेच नवी मोटर आणतो काय? तिन्ही फेज आहेत का, स्टार्टर धरतो का, फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला का, हे एकेक करून बघतो. आपल्या कारखान्यात गाळप दहा मिनिटे थांबले, तरी थांबल्याची वेळ आणि कारण लॉगबुकात लिहिले जाते. मग ज्या यंत्रावर सभासदांच्या उसाची नोंद आहे, त्याच्या अडण्याची नोंद का नसावी?

पुढे कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातील एका जाणत्या कामगाराने हे काम हाती घेतले. त्यांनी पहिल्या दिवशी एकही स्क्रू काढला नाही. आधी सगळ्या नोंदींची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी घेतली आणि टेबलावर एक शंभरपानी वही ठेवली. हँग झाला की तारीख, वेळ, कोणते काम चालू होते, प्रिंटर चालू होता का, लाईट कमी-जास्त झाली का, हे लिहायचे. त्याशिवाय दोन गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या. पहिली, कॅप्स लॉकचे बटण दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का. लागत असेल, तर बहुधा मशीन जिवंत आहे आणि एखादा प्रोग्रॅम तेवढा अडकला आहे. दिवा ढिम्म असेल, तर सगळे मशीनच थांबले आहे, असे समजायचे. दुसरी, हार्डडिस्कचा बारका दिवा कसा आहे. तो एकसारखा पेटून राहिला, तर डिस्ककडे माहिती मागितली आहे आणि ती देता येत नाही, असा संशय घ्यायला जागा असते. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर आधी वीजपुरवठ्याकडे आणि उष्णतेकडे पाहायचे.

विंडोज स्वतःही एक रोजनामा ठेवते. त्याला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. त्यात आपल्या मशीनवर 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद पुनःपुन्हा दिसत होती. ती पाहून दुरुस्तीवाला पॉवर सप्लाय बदला म्हणत होता. वास्तविक ती नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते. हँग झाल्यावर आपणच बटण दाबून बंद केले, तरी ती पडते. म्हणजे दाखला मृत्यूचा आहे, त्यावर मृत्यूचे कारण लिहिलेले नाही.

आठवडाभराने त्यांनी फुकटातले उपाय आधी केले, आणि तेही एका वेळी एकच. डबा उघडून धूळ काढली. आपल्या भागात ही धूळ साधी नसते. बगॅसचा भुसा आणि बॉयलरची राख तिच्यात मिसळलेली असते. ती पंख्यात आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत दाटून बसली, की आतली उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय हवेतले गंधकाचे वायू तांब्या-चांदीच्या जोडांवर काळा थर धरतात. म्हणून रॅम काढून पुन्हा घट्ट बसवली, केबली पक्क्या केल्या, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. भिंतीतले अर्थिंग तपासले, ते ठीक निघाले. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, तेही पाहिले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर हे कपॅसिटर सदोष निघाले होते. आपला बोर्ड त्यानंतरचा, तरीही पाहून घेतले. तरी हँग होणे थांबले नाही. पण कष्ट वाया गेले, असे म्हणता येत नाही. धूळ, उष्णता आणि अर्थिंग हे तिघे या गुन्ह्यात नाहीत, एवढे तरी पक्के झाले.

मग रात्रभर रॅमची परीक्षा लावली. मेमटेस्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवायचा. यात एक चूक निघाली तरी रॅम नापास धरायची. आपली निर्दोष निघाली. शेवटी हार्डडिस्कची स्मार्ट नावाची अंतर्गत नोंद वाचली आणि चोर सापडला. डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागांची संख्या शून्य असावी, ती इथे दर दोन-चार दिवसांनी वाढत होती. वहीतही तेच दिसत होते. बहुतेक वेळी डिस्कचा दिवा पेटून राहिलेला आणि काम चालू जुन्या नोंदी उघडण्याचे. फॉरमॅटनंतर चार दिवस बरे का गेले, तेही उलगडले. नव्याने भरलेली माहिती काही काळ डिस्कच्या बऱ्या भागावर राहिली. रोग जिथल्या तिथे होता.

जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली. त्या दिवसापासून आजपर्यंत वहीत नवी ओळ पडलेली नाही. खर्च नव्या कॉम्प्युटरच्या मानाने किरकोळ आला.

यावर काही सभासदांचे म्हणणे आमच्या कानावर आले आहे, की "जुनं किती दिवस ओढायचं? नवाच घ्या की." या म्हणण्यात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि आपल्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. तेव्हा ते मशीन बदलण्याची तरतूद कारखान्याने करावीच, आणि लवकर करावी. मात्र ते कारण वेगळे आणि हँग होण्याचे कारण वेगळे. अर्थिंग खराब असते वा खोलीत राख भरत असती, तर नवे मशीनही तिथेच आजारी पडले असते. खर्च सभासदांच्या पैशातून होतो. तो कशासाठी केला, हे वार्षिक सभेत सांगता आले पाहिजे.

म्हणून कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे आमची तीन मागणी आहेत. प्रत्येक गट ऑफिसात अशी वही असावी. नोंदींची प्रत रोज संध्याकाळी दुसऱ्या जागी निघावी आणि ती उघडते का, हे आठवड्यातून एकदा पाहावे. आणि प्रत घेतल्याची सही झाल्याशिवाय कोणत्याही दुरुस्तीवाल्याला फॉरमॅट मारू देऊ नये.

सभासदांनाही एक विनंती आहे. आपण नोंद करून येतो आणि 'झाली असेल' म्हणून निर्धास्त राहतो. तसे करू नका. नोंदीची पोच हातात पडल्याशिवाय ओटा सोडू नका. तिच्यावर गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख वाचून घ्या. चष्मा नसेल तर पोराकडून वाचून घ्या. आणि कॉम्प्युटर अडलाच, तर समोरच्या क्लार्कवर ओरडू नका. पहिल्या दिवसापासून सर्वांनी दोष दिला तो त्या पोराला, आणि दोष निघाला डिस्कचा. त्याची माफी कोणी मागितल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ती या पानावरून आम्ही मागतो.