पर्यावरणविज्ञान, कायदा आणि भाषा

पर्यावरणविज्ञान आणि पर्यावरणविषयक कायदा यांचा पदव्युत्तर पातळीवर एकत्रित अभ्यास व्हावा, ही मागणी आता नवी राहिलेली नाही. तिचे मूळ न्यायालयांच्या अनुभवात आहे. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात १९८६ साली न्या. भगवती यांनी, पर्यावरणाच्या दाव्यांसाठी न्यायाधीशाबरोबर तज्ज्ञही बसतील अशी न्यायालये असावीत, असे सुचविले होते. पुढे २०१० च्या अधिनियमाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले, व त्यात न्यायिक आणि तज्ज्ञ असे दोन्ही प्रकारचे सदस्य नेमण्याची तरतूद झाली. ज्या दोन विद्या न्यायासनावर शेजारी बसतात, त्या विद्यापीठात मात्र एकमेकींना अपरिचित का राहाव्यात, हा प्रश्न रास्तच आहे. तथापि या दोन विद्यांची नुसती बेरीज पुरेशी होईल, असे मला वाटत नाही. भाषेचा अभ्यास हे या अभ्यासक्रमाचे तिसरे अंग असले पाहिजे, आणि ते ऐच्छिक असता कामा नये.

याचे कारण असे की, पर्यावरणाचे अनेक वाद मुळात शब्दांचे वाद असतात. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द त्याच्या कोशगत अर्थाने घ्यावा, जमीन कोणाच्या मालकीची आहे हे पाहू नये, असा आदेश दिला. शासकीय दप्तरात वन म्हणून नोंदलेली जमीनही त्यात आली. देशातील अफाट क्षेत्राचे भवितव्य अशा रीतीने कोशाच्या आणि दप्तराच्या आधारावर ठरू लागले.

या आदेशाचा पडताळा विदर्भात पाहावयास मिळतो. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीची महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे. हा प्रदेश पूर्वी मध्य प्रांतात होता. झुडपे उगवलेली, नांगराखाली न येणारी, गावच्या गुरांना चरावयास मोकळी अशी जमीन, हा त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ. पुढे अशा जमिनींवर घरे उभी राहिली, शाळा व सरकारी कचेऱ्या बांधल्या गेल्या, स्मशानभूमीही झाल्या. मग प्रश्न आला की, या नोंदीतील ‘झुडपी’ला महत्त्व द्यावयाचे की ‘जंगल’ला? २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच होत, असा निर्णय दिला, आणि १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने अन्य कामांसाठी दिलेल्या जमिनींबाबत राज्याने केंद्राची मान्यता मागावी, असा मार्गही ठेवला.

निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा येथे करावयाची नाही. मात्र हा वाद समजावयास कोणते ज्ञान लागते, ते पाहावे. खुरट्या झुडपांच्या माळाचे निसर्गातील स्थान वनस्पतिशास्त्रज्ञ सांगेल. १९८० च्या वनसंवर्धन अधिनियमाखाली केंद्राची पूर्वसंमती केव्हा लागते, हे विधिज्ञ सांगेल. परंतु जुन्या दप्तरातील शब्द कोणत्या व्यवहारातून आला, ‘निस्तार’ म्हणजे गावकऱ्यांचा लाकूडफाट्याचा व चराईचा कोणता वहिवाटी हक्क, ‘वाजिब-उल-अर्ज’ या फारसी वळणाच्या नावाखाली काय नोंदले जाते, हे कोण सांगणार? येथे शब्दाचा अर्थ चुकला तर कोणाचे घर जाते, नाही तर कोठली चराई जाते.

यावर कोणी म्हणेल की, भाषांतरकार नेमला म्हणजे काम भागेल. अनुभव तसा नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या आघात-मूल्यांकनाचा सारांश जनसुनावणीपूर्वी स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. हा सारांश शब्दकोशाच्या आधाराने उतरविलेला असला, तर ज्याच्या शेतावरून धूर जाणार, त्यालाच तो कळत नाही. आणि न कळलेल्या गोष्टीवर हरकत कशी घ्यावयाची? २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत उपलब्ध करावा, हे ३० जून रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. भाषेचा विचार अखेरीस करावयाचा, या सवयीचेच हे फळ होय.

म्हणून माझी सूचना अशी की, या संयुक्त अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावाची वनस्पतिगणना करावी, त्याच गावाचे महसुली दप्तर वाचावे, व दोहोंवरून ग्रामसभेस समजेल असे निवेदन तेथील भाषेत लिहावे. त्याचे परीक्षण तिन्ही विभागांच्या अध्यापकांनी मिळून करावे. देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी जेथे येतात, त्या केंद्रीय विद्यापीठांना हे काम विशेष सुलभ आहे. एका वर्गात आठ-दहा भाषांतील भूमिवाचक शब्द सहज गोळा होतील.

यात भाषाविभागांचेही कर्तव्य आहे. राई, गायरान, पडीक, बरड, कुरण अशा शब्दांची नोंद आपण बोलीच्या अभ्यासात करतो आणि तेथेच थांबतो. त्यांचा जिल्हावार, दप्तरी अर्थांसह कोश झाला, तर तो वकिलाच्या आणि शास्त्रज्ञाच्याही मेजावर राहील. साहित्याच्या अभ्यासकाने कायद्याच्या क्षेत्रात पाऊल टाकावे काय, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही. न्यायालयाने कोश उघडला, तेव्हाच ते आपल्या क्षेत्रात आले आहे.