बस्ता आणि रस्ता

मुळशी तालुक्यात लग्न ठरले, की तारखेच्या पाठोपाठ बोलणी होतात ती बस्त्याची. पौड, पिरंगुट, कोळवण, गाव कुठलेही असो. दोन्हीकडची पंधरा-वीस माणसे गाडी करून पुण्याला निघतात आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या दुकानात ठाण मांडतात. नवरीचा शालू, विहिणीची साडी, मामाचा पोशाख, मानकऱ्यांचे टॉवेल-टोपी ही यादी दिवस मावळेपर्यंत संपत नाही. बस्ता म्हणजे नुसती खरेदी नव्हे. दोन घरांनी एकमेकांना जोखण्याचा तो प्रसंग असतो.

पुण्याची पेठ अशा गिऱ्हाइकांवरही वाढली. तुळशीबागेत राममंदिराभोवती बाजार भरला, १८८६ मध्ये मंडईची इमारत उभी राहिली, लक्ष्मी रस्ता कापडासाठी आणि सोन्यासाठी नावाजला. तरुणांची फॅशन कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर, डेक्कनच्या हाँगकाँग लेनमध्ये आणि फर्ग्युसन रस्त्यावर रंग बदलते. हिंजवडीही मुळशी तालुक्यातलीच. तिथली संगणक अभियंता मुलगी आणि कोळवणची आजी एकाच तुळशीबागेत घासाघीस करताना दिसतात, हे या बाजाराचे खरे वैभव.

हे सारे बाजार पायी हिंडायचे आहेत. दहा दुकाने पाहावीत, अकराव्यात भाव करावा आणि पुन्हा तिसऱ्यात यावे, ही येथली रीत. लक्ष्मी रस्त्यावर मात्र पायी चालणाराच उपरा झाला आहे. पदपथावर दुचाक्या, रस्त्यावर मोटारी आणि मधून लेकराचा हात धरून वाट काढणारी आई!

टोकियोत गिंझाचा मुख्य रस्ता १९७० पासून सुटीच्या दिवशी वाहनांना बंद ठेवला जातो. तरीही गिंझाचा दिमाख ओसरला नाही. आपल्या महापालिकेनेही २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग पादचाऱ्यांसाठी मोकळा करण्याचा उपक्रम सुरू केला. उपक्रम चांगलाच, पण बैलाच्या वाट्याला वर्षातून एकदा पोळा यावा, तसा पादचाऱ्याच्या वाट्याला एकच दिवस का?

गिऱ्हाईक तुटेल, ही व्यापाऱ्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. बस्त्याची गाठोडी घेऊन म्हाताऱ्या माणसांनी चालायचे किती? पण आजही गाडी दुकानाच्या दारात कुठे उभी राहते? शिवाय आता पौड रस्त्यावर वनाज स्थानकात मेट्रोत बसावे, दिवाणी न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलावी आणि मंडईत उतरावे, अशी सोय सप्टेंबर २०२४ पासून झाली आहे.

तेव्हा सुरुवात रविवारपासून करावी. रहिवासी आणि रुग्णवाहिकांना वाट राहू द्यावी. सामान नेण्यासाठी विजेवरच्या लहान गाड्या ठेवाव्यात. बसायला बाक हवेत आणि खेड्यातून दिवसभरासाठी आलेल्या बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे हवीत. पथारीवाल्यांना हाकलू नये, जागा आखून द्यावी. मार्च २०२१ मध्ये फॅशन स्ट्रीटला लागलेल्या आगीनंतर मोकळ्या वाटेचे मोल वेगळे सांगायला नको.

हे जमले नाही, तर गिऱ्हाईक भांडायला येणार नाही. ते मुकाट्याने वातानुकूलित मॉलकडे वळेल. तिथे गाडी लावायला जागा मिळेल, पण वीस माणसांना बसवून चहा पाजणारी गादी मिळणार नाही. पेठ वाचवायची असेल, तर आधी तिच्या रस्त्यावर माणसाला चालता आले पाहिजे.