शब्द फोनमध्येच राहतात, तरी प्रश्न उरतो



‘कीबोर्ड आपली प्रत्येक ओळ कंपनीला पाठवतो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे विधान सरसकट खरे नाही. गुगलने २०१७ साली आपल्या जीबोर्ड या कीबोर्डसाठी जाहीर केलेल्या पद्धतीत आपल्या लिखाणावरून शिकण्याचे काम फोनमध्येच होते, तेही फोन चार्जिंगला लावलेला, वायफायवर असताना आणि वापरात नसताना. माझी आई रात्री फोन उशाशी चार्जिंगला लावून झोपते. दिवसभरात तिने मला चारदा लिहिलेले ‘जेवलास का रे’ या पद्धतीत बाहेर जात नाही. जातात त्या कीबोर्डच्या शिकलेल्या गणिती नमुन्यातील आकड्यांच्या दुरुस्त्या.

त्या दुरुस्त्याही झाकता येतात. एक फोन आपल्या आकड्यात एक गुप्त संख्या मिळवतो, जोडीदार फोन तीच वजा करतो. बेरीज केली की दोन्ही उडून जातात. सर्व्हरला कळते ती फक्त अनेक फोनांची एकूण बेरीज. ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

तरी पत्रलेखकांची भीती निराधार म्हणणार नाही. एकट्या फोनच्या उघड्या दुरुस्तीवरून मूळ चित्र वा मजकूर पुन्हा उभा करता येतो, हे २०१९ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी दाखवले. अशा धोक्यापासून बचावासाठी दुरुस्त्यांत मुद्दाम थोडा गोंगाट, म्हणजे स्वैर आकडे, मिसळतात. तेव्हा कंपन्यांना विचारायचे ते हे: गोंगाट किती मिसळता, बेरीज किमान किती फोनांची करता? आणि हे सगळे बंद करण्याचे बटण माझ्या आईला समजेल अशा मराठीत कुठे आहे?

— एक वाचक, पुणे