दोन आष्ट्या, विद्यार्थ्यांचा रेडिओ आणि बातमीची बंदी (थ्रेड)

१/ महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे अनेक. जालनेकरांना परतूर तालुक्यातील आठवते, बीडकरांना स्वतःची. १६ ऑगस्ट १९४२ या तारखेवर मात्र हक्क वर्धा जिल्ह्यातील आष्टीचा. त्या दिवशी तेथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. सत्याग्रही पडले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूर पेटले आणि पुढे तेथील घराघरांत शिरून लष्कराने व पोलिसांनी अनन्वित अत्याचार केले.

२/ वृत्तपत्रे सेन्सॉरखाली दबलेली. अशा वेळी आष्टी-चिमूरची हकीकत देशाला ऐकवली ती मुंबईतील एका गुप्त केंद्राने: काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटर. ते चालवणाऱ्या उषा मेहता अवघ्या २२ वर्षांच्या; शिक्षण सोडून त्या चळवळीत उतरल्या होत्या. सोबत विठ्ठलभाई व चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर. पाठीशी राममनोहर लोहिया. पोलिसांच्या गाडीला लहरींचा माग लागू नये म्हणून यंत्र सतत घरे बदलत असे. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप अशा बातम्याही याच केंद्रावरून गेल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी एका तंत्रज्ञाच्या फितुरीने सारे पकडले गेले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

३/ (परतूरची आष्टी तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. तिला मुक्त होण्यास १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला.)

४/ स्वातंत्र्यानंतरही लहरी सरकारच्याच मुठीत राहिल्या. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. डिसेंबर २००२च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना केंद्रे उघडण्याची वाट मिळाली. १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ याच वाटेवरची.

५/ वाट मिळाली, पण जीभ बांधून. १०० वॅटच्या या केंद्रांना स्वतःची बातमी देण्यास मनाई आहे. हवामान, परीक्षा, वाहतूक, उत्सव चालतात. २०१७ पासून आकाशवाणीची बातमीपत्रे ऐकवण्याची मुभा मिळाली, तीही आशयात फेरफार न करता. ही मुभा नव्हे, पोपटपंची होय.

६/ समर्थनार्थ सुरक्षा आणि देखरेख यांची कारणे पुढे केली जातात. ती एके काळी पटण्याजोगी असतील. आज हातातल्या मोबाइलवरून कोणीही जगभर थेट प्रक्षेपण करतो. खासगी वाहिन्या अहोरात्र बातम्या देतात. दहा-बारा किलोमीटरपलीकडे न पोहोचणाऱ्या, परवाना घेतलेल्या, पत्ता ठाऊक असलेल्या केंद्राचीच तेवढी धास्ती का? चूक झाली तर जाब विचारायला सर्वांत सोपे माध्यम हेच. शिवाय नियमानुसार किमान निम्मा कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून हवा. स्थानिकांना बोलावायचे आणि त्यांच्या तोंडची बातमी तेवढी वगळायची, हा विरोधाभास कोणालाच टोचत नाही.

७/ उद्या परतूरच्या आष्टीत एखाद्या महाविद्यालयाने केंद्र उघडले, तर तेथील विद्यार्थी वर्ध्याच्या आष्टीतला गोळीबार इतिहास म्हणून तासभर सांगू शकतील. बाजार समितीत आज सोयाबीनची खरेदी का थांबली आणि त्यावरून ठाण्यासमोर कोण बसले आहे, हे मात्र त्यांना सांगता येणार नाही.