नोकरी संपली, तपासणी का संपावी?

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. दारूगोळ्यात भरले जाणारे टीएनटी हे स्फोटक श्वासातून, तसेच त्वचेतूनही शरीरात शिरते. रक्तक्षय, यकृताची हानी आणि मोतीबिंदू हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम. मोतीबिंदू बहुधा अनेक वर्षांच्या संपर्कानंतर दिसतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असेल, तर ‘वय झालं’ म्हणून विषय संपतो.

अमेरिकेत २०२२च्या पॅक्ट कायद्यानुसार माजी सैनिकांना विषारी संपर्काबाबत दर पाच वर्षांनी किमान एकदा विचारले जाते. त्याला काही मिनिटे पुरतात. आपल्याकडेही १९८७च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात घातक पदार्थ हाताळणाऱ्यांची वार्षिक तपासणी आली, तीही ते काम सुटल्यानंतरसुद्धा. म्हणजे कल्पना नवी नाही. ती निवृत्तांच्या घरापर्यंत पोहोचायला हवी.

चंद्रपूर-गडचिरोलीतील दवाखान्यांनी निवृत्त कामगार, माजी सैनिक आणि पोलिसांच्या केसपेपरवर एकच ओळ वाढवावी: ‘नोकरीत काय हाताळले?’ उत्तर पाहून डोळे, रक्त, यकृत तपासावे. झालेली हानी तपासणीने पुसली जात नाही. पण मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया होते आणि यकृताचा आजार वेळीच कळला तर सांभाळता येतो. तुमच्या घरात असे कुणी असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. स्वतःहून सांगा.