हिवाळ्यातली सायकल आणि तळोज्याची हवा

जानेवारीत तळोज्यात सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. सकाळी सातच्या पाळीचा कामगार त्याच्या आधीच सायकलवर असतो. मफलर गुंडाळून, मुंब्रा-पनवेल रस्त्यावरच्या कंटेनरच्या कडेकडेने तो एमआयडीसी गाठतो. ‘थंडीत सायकल चालवू नकोस, छातीत कफ होईल,’ असे घरचे बजावतात. त्यांची काळजी खरी आहे, मात्र दोष थंडीपेक्षा हवेचा अधिक आहे.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते. जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खालीच राहते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. कारखान्यांचा धूर, डिझेलचा धूर आणि रस्त्यावरची धूळ या झाकणाखाली अडकते. ऊन वर आल्यावरच ती पांगते. सायकल चालवताना श्वास कितीतरी पटीने वाढतो आणि दम लागला की तोंडाने घेतला जातो. मग नाकाची गाळणी निरुपयोगी ठरते.

मग सायकल सोडावी का? नाही. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीत, सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळला. ग्लासगो विद्यापीठाचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रदूषणही हिशेबात धरले. हवेत पीएम २.५ कणांचे प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तरी रोज सुमारे दीड तासापर्यंत सायकलचा फायदा तोट्यापेक्षा जास्त राहतो, असे त्यांचे गणित सांगते. भारताची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी पोहोचले असताना हा व्यायाम गमावणे परवडणारे नाही.

काळजी मात्र घ्यावी. शक्य तिथे आतला, कमी वाहनांचा रस्ता धरावा. वेग बेताचा ठेवावा, म्हणजे नाकाने श्वास घेता येतो. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. नीट बसणारा एन-९५ मास्क ते अडवतो, पण रासायनिक वायू अडवत नाही. दम्याच्या रुग्णांनी पंप खिशात ठेवावा आणि हवा फार वाईट असेल त्या दिवशी बस किंवा रेल्वे घ्यावी. छातीत दुखले, चालवताना नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर थंडीवर खापर न फोडता डॉक्टरांना दाखवावे. मागचा लाल दिवा आणि चमकणारी पट्टी तर हवीच.

पण सगळा भार कामगाराच्या मास्कवर टाकणे न्यायाचे नाही. फिनलंडमधल्या औलू शहरात महिनोन्‌महिने बर्फ असतो, तरीही तिथे लोक हिवाळाभर सायकल चालवतात. ते काही जास्त काटक आहेत म्हणून नव्हे. तिथे सायकलमार्गांवरचा बर्फ तत्परतेने काढला जातो, मार्गांवर दिवे असतात. तळोज्यात बर्फ नाही, धूळ आहे. रस्त्याकडेची माती उचलणे, खड्डे बुजवणे, पथदिवे सुरू ठेवणे, कंटेनरपासून वेगळी अशी हातभर तरी जागा सायकलला देणे आणि रात्री धूर सोडणाऱ्या कारखान्यांवर लक्ष ठेवणे, यासाठी नवे विज्ञान लागत नाही.

सायकलवरचा कामगार हवा बिघडवत नाही. तिची किंमत मात्र त्याच्याच फुप्फुसांतून वसूल होते. ती कमी करणे हेही सार्वजनिक आरोग्याचेच काम आहे.