जहाज हवं की बेट, आधी ठरवा

डिसेंबर तोंडावर आला की हिंजवडीतल्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रूझच्या जाहिराती फिरू लागतात. निळंशार पाणी, पांढरं जहाज, कोपऱ्यात एक वाकलेला माड आणि खाली ठळक अक्षरांत एक आकडा. परदेशातले क्लायंट नाताळच्या सुट्टीवर गेलेले असतात, मुलांच्या शाळा बंद असतात, रजा शिल्लक असतात. मग कुणीतरी लिहितं, "चार फॅमिली झाल्या तर ग्रुप डिस्काउंट आहे," आणि संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स भरूनसुद्धा होतो. माझं सांगणं एवढंच, की तो भरण्याआधी घरातल्यांना एक प्रश्न विचारा. आपल्याला जहाज हवंय की बेट?

प्रश्न खुळा वाटेल, कारण जाहिरातीत दोन्ही एकाच चित्रात असतात. पण जरा हिशोब मांडा. मुंबईहून लक्षद्वीपचं अगत्ती बेट सरळ दक्षिणेला साधारण ९०० किलोमीटरवर आहे. जहाज ताशी १६ सागरी मैलांनी, म्हणजे सुमारे ३० किलोमीटरने चाललं, तर तीस तास लागतात. संध्याकाळी मुंबई सोडली की दुसरा अख्खा दिवस पाण्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसतं, आणि त्याच दिवशी ते मागे पडतं, कारण परतीलाही तेवढेच तास हवेत. चार रात्रींच्या सहलीत वाळूला पाय लागतात ते जेमतेम अर्धा दिवस. सहल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ती जहाजाची सहल आहे आणि बेट हा तिच्यातला एक थांबा आहे, हे पैसे भरताना माहीत असायला हवं.

युरोपातली माणसं हिवाळ्यात बेटांवर पळतात ती उन्हासाठी. आपल्याला ऊन माणच्या रस्त्यावरही मिळतं, आणि पुण्याची डिसेंबरातली थंडी सोडून जावं अशी मुळीच नसते. आपण जातो ते समुद्रासाठी, आणि खरं बोलायचं तर फोन न वाजण्यासाठी. यातलं दुसरं हवं असेल तर मोठं जहाज उत्तम. किनारा सुटला की काही वेळात मोबाइलची रेंज जाते, वायफायला वेगळे पैसे पडतात आणि ते घ्यायचं की नाही हे आपल्या हातात असतं. तेवढा फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला तो आपणहून जोडला जातो आणि रोमिंगचं बिल घरी येतं.

आता बेट हवं असणाऱ्यांसाठी. लक्षद्वीपची ३६ बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती, आणि सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. ही बेटं कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटरवर पसरली आहेत, म्हणजे मुंबईच्या मानाने कोची किती जवळ ते बघा. लक्षद्वीप प्रशासनाची 'स्पोर्ट्स' ही पर्यटन संस्था कोचीहून 'समुद्रम' नावाची पाच दिवसांची सहल काढते. 'एम. व्ही. कवरत्ती' या जहाजाने रात्री प्रवास आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी तीन बेटं. जहाज साधं आहे. कॅसिनो नाही, रंगमंच नाही, आणि सोयी सरकारी आहेत हे मनाशी धरूनच चढावं. पण पाच दिवसांत तीन बेटं पायाखालून जातात. त्या वर्षीच्या तारखा आणि सहल चालू आहे की नाही, हे संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघावं. पुण्याहून कोचीला विमानाने जायचं आणि जहाजात बसायचं. दुसरा मार्ग म्हणजे कोचीहून छोट्या विमानाने थेट अगत्ती गाठायचं आणि तिथे मुक्काम करायचा. ज्यांना पोहायचं आहे, पाण्याखालची पोवळी बघायची आहेत, त्यांनी मुंबईच्या जहाजाचा नाद सोडावा हे माझं स्पष्ट मत आहे.

लक्षद्वीपला जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो. सहलीतून जाणाऱ्यांचा तो सहसा आयोजकच काढतात, पण कागदपत्रं वेळेत आपल्यालाच द्यावी लागतात. बंगारम सोडलं तर या बेटांवर दारूबंदी आहे, त्यामुळे जहाजावरून उतरताना खिशात काही ठेवू नका. आणि वाळूत पडलेलं पोवळं मुलाने उचललं तर तिथेच ठेवायला लावा. पोवळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती आठवण म्हणून पिशवीत घालायची वस्तू नाही.

आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर पुढचं नीट वाचा. लक्षद्वीपच्या बेटांना मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लोकांना लहान होड्यांतून नेलं जातं. आधी टोकन घेऊन रांगेत बसायचं. नंबर आला की जहाजाच्या पोटातल्या खालच्या दारापाशी जायचं. समोर होडी लाटेबरोबर वर येते, खाली जाते. दोन खलाशी आपलं मनगट आणि दंड पकडतात, होडी वर आली की "चला" म्हणतात, आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं असतं. तरुण माणसाला गंमत वाटते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजींना तिथे घाम फुटतो, आणि मागे रांग खोळंबलेली असते. व्हीलचेअरचं तर विचारूच नका. लाट मोठी असेल तर होड्या उतरवायच्याच नाहीत, हा निर्णय कप्तानाचा. तो एकदा झाला की बेट लांबूनच बघायचं. तिकिटामागच्या बारीक अक्षरांत कंपनीने मार्ग बदलण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो, त्यामुळे बेट हुकलं म्हणून पूर्ण पैसे परत मिळतील ही आशा धरू नका. गोवा, कोची इथे जहाज धक्क्याला लागतं. ज्येष्ठांना घेऊन जायचं तर तशी फेरी बरी.

महिन्याचंही बघा. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो हे आपल्याला ठाऊक आहे, पण चक्रीवादळांचा दुसरा हंगाम पावसाळा सरल्यावर येतो हे विसरायला होतं. २०१७ साली ओखी वादळाने लक्षद्वीपला झोडपलं ते डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणून ३१ डिसेंबरच्या पार्टीचा हट्ट नसेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी धरा. समुद्र शांत, गर्दी कमी आणि भावही उतरलेले. मुलांची शाळा दोन दिवस बुडाली तर आभाळ कोसळत नाही.

जहाज कोणतं, हे नावावरून नाही तर वय आणि आकारावरून विचारा. मुंबईहून सप्टेंबर २०२१पासून फिरणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे १९९०मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं जहाज, मूळ नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. सुमारे ४८ हजार टनांचं, अकरा मजल्यांचं. सिंगापूरहून सुटणारं 'जेंटिंग ड्रीम' २०१६चं आणि त्याच्या तिप्पट, दीड लाख टनांचं. जुनं म्हणजे धोक्याचं असं नाही. पण बाल्कनीच्या खोल्या हे नव्या जहाजांचं वैशिष्ट्य, आणि 'एम्प्रेस'वर त्या फार थोड्या आहेत. जहाज जितकं मोठं तितकं ते कमी डुलतं, आणि जेवणाच्या रांगा तितक्या लांबतात. कंपन्या जहाजं बदलतात, म्हणून आपल्या तारखेला नेमकं कोणतं जहाज आहे ते विचाराच.

खोलीवर फार खर्च करू नका, असं मी सांगेन. दोघंच असाल आणि सकाळी चहा घेत समुद्र बघत बसायची आवड असेल तर बाल्कनी घ्या. मुलं असतील तर खोलीत राहणार कोण? बिनखिडकीची खोली स्वस्त पडते. एवढंच, की दिवा मालवला की दिवस-रात्र कळत नाही, आणि काहींना त्यात गुदमरतं. पैसे द्यायचेच तर जागेचे द्या. जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हालचाल सगळ्यात कमी जाणवते. पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त. डिस्कोच्या खालची किंवा लिफ्टच्या शेजारची खोली टाळा. ज्यांना घाटातल्या बसमध्येही मळमळतं त्यांनी उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्याआधीच घ्यावी; नंतर घेतलेली फारशी लागू पडत नाही. बीपी, शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री घरीच राहू द्या, आगीच्या भीतीने त्या चढतानाच काढून घेतात. शाकाहारी जेवणाची काळजी नको. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा.

जाहिरातीतला आकडा हा माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी, बऱ्याच जहाजांवर दर रात्रीची सक्तीची टीप; मग पेयं, वायफाय, बेटावरची होडी आणि पाण्यातले खेळ. एकटा माणूस गेला तर रिकाम्या बिछान्याचेही पैसे लावतात. परदेशी सहल असेल तर टीसीएस कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर पैसे अडकतात. सिंगापूरहून जहाज घेणाऱ्यांनी व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना हे तपासावं, कारण जहाज मलेशिया-थायलंड करून परत सिंगापुरातच येतं.

ॲडव्हान्स किती आधी भरायचा याबाबत मी भित्रा आहे. मुंबईच्या क्रूझचा गेल्या काही वर्षांतला इतिहासच तसा आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' गाजावाजात सुरू झाली. २०२०मध्ये कोविड आला आणि ती थांबली. एप्रिल २०१९मध्ये जलेश क्रूझेसची 'कार्निका' आली. दीड वर्षात कंपनी बंद आणि जहाज अलंगला भंगारात. सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केलं, मुंबईत इंदिरा डॉकवर नवं टर्मिनल उभं राहिलं, हे सगळं चांगलंच आहे. तरी पैसे क्रेडिट कार्डाने, कंपनीच्या नावावर आणि पावती घेऊन भरा. ग्रुपवरच्या कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात यूपीआय करू नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

आता आपल्या हिंजवडीचं. जहाज संध्याकाळी सुटतं म्हणून दुपारी जेवून निघणारे लोक मी जाणून आहे. चढायचं दार जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. शुक्रवारी दुपारनंतर शिवाजी चौक आणि भूमकर चौक पार करायलाच किती वेळ लागेल ते आपण सगळे जाणतो, आणि पुढे खंडाळ्याचा घाट आहे. गाडीने जायचं तर सकाळी सातच्या आत किवळ्याला द्रुतगती मार्गाला लागा, पनवेलनंतर अटल सेतू धरा आणि शिवडीहून पूर्व मुक्त मार्गाने बंदरापाशी उतरा. टोल जास्त पडतो, पण शहरातली कोंडी टळते. त्याहून सोपं म्हणजे पुणे स्टेशनहून सकाळी सव्वासातची दख्खनची राणी. साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी, आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. गाडी चार दिवस कुठे लावायची हा प्रश्नही उरत नाही.

चढल्यावर सगळ्यात आधी सुरक्षेची कवायत होते. सेल्फी घेत तिच्याकडे दुर्लक्ष करणारे खूप असतात. १७ जुलै १९४७ला 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. इटलीत २०१२ साली 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' किनाऱ्याजवळच आडवी झाली, ३२ जण दगावले, आणि काही प्रवाशांची तोवर कवायतही झालेली नव्हती. तेव्हापासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत घेणं सक्तीचं आहे. आपलं जमायचं ठिकाण आणि मुलांच्या मापाची जॅकेटं कुठे आहेत, एवढं डोळ्यांनी बघून घ्या.

बुकिंग करताना एजंटाकडून चार गोष्टी ईमेलवर मागा: जहाजाचं नाव, खोलीचा मजला आणि नंबर, बेटावर प्रत्यक्ष किती तास, आणि सगळे कर-शुल्क धरून घराचा एकूण आकडा. फोनवरचं "हो सर, होऊन जाईल" हिशोबात धरू नका. जो एजंट हे चार लेखी द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.